लॅबमध्ये नवीन लागलेल्यांसाठी
लॅबच्या कामातली सुधारणा मशीनपासून नको, रक्ताच्या नमुन्यापासून सुरू कर. खानापूर, नंदगडकडून बेळगावात येणारं रक्त वाटेत किती वेळ राहतं ते आधी बघ. साध्या लाल बुचाच्या ट्यूबमध्ये तसंच ठेवलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. वाढलेली साखर मग रिपोर्टात नॉर्मल दिसू शकते, आणि हे पेशंटच्या जिवाशी येतं. साखर टिकावी म्हणून वापरतात ती राखाडी बुचाची फ्लोराइड ट्यूबसुद्धा पहिल्या तास-दोन तासांत ही घट पूर्ण थांबवत नाही. म्हणून रक्त घेतल्याची आणि पोचल्याची वेळ आठवडाभर लिही. नमुने आणणाऱ्या पोरालाही विचार. उशीर कुठं होतो ते त्यालाच नेमकं ठाऊक असतं. उशिरासाठी कुणाचं नाव लिहू नकोस, कारण लिही. मग रक्त घेणाऱ्या एकाच सेंटरवर एकच बदल कर, म्हणजे तिथंच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून) पेशींपासून वेगळं केलेलं सीरम, रक्तातला पातळ भाग, पाठवायला सांग, आणि परत मोज. फरक दिसला तरच बाकीच्या सेंटरना लावायचं.