राइट बॅक व्हायचंय ना, मग काफू बघ

अरे तू विचारलंस ना फुटबॉलमध्ये राइट बॅकला, म्हणजे उजव्या बाजूच्या डिफेंडरला, सुरुवात कुठून करू, तर आधी ब्राझीलच्या काफूच्या जुन्या मॅचेस बघ, आणि नुसत्या हायलाइट्स नको, पूर्ण ९० मिनिटं. १९९४, १९९८, २००२ अशा सलग तीन वर्ल्डकप फायनल खेळलेला दुसरा कोणी नाहीये. त्यात १९९४ ला तर तो बेंचवर होता, आधी खेळत असलेल्या राइट बॅक जॉर्जिन्योला लवकर दुखापत झाली म्हणून आत आला आणि पुढे एक्स्ट्रा टाइम संपेपर्यंत पळत राहिला, सो सबमध्ये बसवलं म्हणून तोंड पाडू नकोस, वॉर्मअप मनापासून कर.

ब्राझीलची २००२ ची टीम बघताना बॉलकडे नको, मागे बघ. लुसिओ, एडमिल्सन, रोक ज्युनियर असे तिघं सेंटरला उभे, म्हणून काफू आणि डावीकडचा रॉबेर्तो कार्लोस दोघंही बिनधास्त वर जायचे. तुमच्याकडे मागे दोघंच असतील तर आंधळेपणाने तसं पळू नकोस, आधी ओरडून विचार कव्हर कोण देतंय. क्रॉस नंतर शिकता येतो रे, परत धावत येणं आधी शिक, काफू तिशी ओलांडल्यावर एसी मिलान क्लबमध्येही तेच करत होता.