पाठमोरी माणसं

प्रिय पोरी,

काँटॅक्ट शीट पोचली. अख्ख्या रोलच्या इवल्याशा फ्रेम एकाच कागदावर, म्हणून भिंग लावून दोनदा पाहिली. छत्तीस फ्रेम, त्यातल्या चोवीसांत माणूस पाठमोरा. सोबत तू लिहितेस, ‘लंडनमध्ये माझं काहीच नाही, फोटो कशाचे काढू?’ मला तुझं पत्र आणि त्या पाठी एकच सांगतात: तू जवळ जायला बिचकतेस.

म्हणून योसेफ कौडेल्काबद्दल लिहितो. १९७० साली मायदेश सोडून त्याने इंग्लंडमध्येच आश्रय घेतला होता. चेकोस्लोव्हाकियातला हा विमान अभियंता १९६७ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफीत उतरला. पुढच्या ऑगस्टमध्ये तो रोमानियातल्या रोमा, म्हणजे जिप्सी लोकांच्या वस्त्यांमधून प्रागला परतला आणि लगोलग सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. त्या दिवसांतली एक फ्रेम शोधून पाहाच. पुढे कुणाचा तरी हात, मनगटावर घड्याळ, मागे ओस पडलेला लांबरुंद रस्ता. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ पान उलटवलं नव्हतं.

ते फोटो गुपचूप देशाबाहेर गेले आणि वर्षभराने निनावी छापले गेले. खाली फक्त ‘पी. पी.’, म्हणजे प्रागचा फोटोग्राफर. फोटो-पत्रकारितेचं रॉबर्ट कापा सुवर्णपदकही निनावीच मिळालं. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून त्याने नाव झाकून ठेवलं, आणि ते उघड झालं १९८४ मध्ये, वडील गेल्यानंतर. तुला दोन वर्षांत प्रदर्शन हवंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

परदेशात त्याच्या प्रवासाच्या कागदांवर राष्ट्रीयत्व ‘शंकास्पद’ असा शेरा होता. तुझं तसं नाही. तुझ्याकडे पासपोर्ट आहे, दिवाळीला घरी येता येतं. त्याचा वनवास अंगावर ओढून घेऊ नकोस. घे ती कामाची रीत.

रोमा लोकांचे फोटो त्याने मुख्यतः २५ मिमीच्या लेन्सने काढले. एवढी वाइड लेन्स लांबून उपयोगाची नाही. खोलीतल्या माणसाचा चेहरा नीट यायला हवा तर दोन-तीन हातांवर उभं राहावं लागतं, आणि तिथवर पोचायचं तर आधी त्या घरात बसावं लागतं. तो त्याच वस्त्यांत वर्षानुवर्षं जात राहिला. मला वाटतं, ही चिकाटी त्याला नाटकाने दिली. प्रागमध्ये तो नाटकांचे फोटो काढायचा, आणि तालमीत एकच प्रवेश पुन्हा पुन्हा टिपायला मिळतो. आज हात चुकला तर उद्या, उद्या प्रकाश फसला तर परवा.

देश सुटल्यावरही रीत तीच. ऊन असेतो युरोपभर जत्रा-यात्रांमागे फिरायचं, स्लीपिंग बॅग पसरून मिळेल तिथे झोपायचं, आणि हिवाळ्यात साठलेले रोल धुवायचे. मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेत असूनही तो असाइनमेंट घ्यायचा नाही. गरजाच इतक्या थोड्या की नाही म्हणणं त्याला परवडायचं. तू मात्र नोकरी सोडू नकोस. फिल्म महाग आहे आणि घरभाड्याची चिंता असली की बोट चुकीच्या वेळी दाबलं जातं, हे मी भोगलंय.

त्याचा १९८७ चा एक फोटो आहे, पॅरिसजवळच्या सो इथल्या बागेतला. बर्फावर एक काळा कुत्रा. कान टोकदार, अंगाचा नुसता काळा आकार, जणू कागदातून कापून ठेवलाय. त्यात घर नाही, गाव नाही. तरी परक्या मुलखातलं एकटेपण इतकं खरं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ‘माझं’ असं काही सापडल्याशिवाय फोटो काढता येत नाही, हे तुझं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. एका जागी फार राहिलं की दिसेनासं होतं, असं तोही म्हणायचा. तुला लंडन अजून दिसतंय. ही नवी नजर फार दिवस पुरत नाही, तेवढ्यात काम कर.

तुझ्या घराजवळ शनिवारी बाजार भरतो म्हणालीस. वर्षभर तिथेच जा. पन्नासची लेन्स कपाटात ठेव, अठ्ठावीसची वाइड लाव. पहिले दोन शनिवार कॅमेरा पिशवीतच राहू दे; भाजी घे, गप्पा मार, नावं विचार. मग काढ, आणि काढलेला प्रिंट पुढच्या खेपेला त्या माणसाच्या हातात दे. रोल संपला की लगेच धुवायची घाई करू नकोस. काय काढलं ते जरा विसर, म्हणजे चांगलं-वाईट ठरवताना त्या दिवसाची खुशी मधे येत नाही.

मार्चमध्ये सगळ्या काँटॅक्ट शीट एकदम पाठव. फसलेल्या फ्रेम वगळू नकोस. तू कुठे थबकतेस ते मला त्यांतूनच कळेल.

तुझा,
काका