चोपडीतली कारणं

"ताई, बाजार रोज पडतोय, झोप उडाली आहे. सगळे पैसे काढून घेऊ का?"

२०२४च्या दिवाळीपासून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच पुढचं वाक्य कळतं. मी मानसशास्त्राची समुपदेशक आहे. कोणता फंड ठेवा आणि कोणता विका, हे सांगण्याचा मला अधिकार नाही, त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी लागते. पण या प्रश्नाचा निम्मा भाग पैशांचा असतो आणि निम्मा झोपेचा, आणि हा दुसरा भाग माझ्याकडेच येतो. म्हणून एका जोडप्याचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू आधी एकट्याच आल्या, ९ एप्रिल २०२५ला. बडोद्यातल्या दांडिया बाजारातला माझा जिना चढून बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "यांना आणायचंय, पण आधी मी बोलते." रविवारी रामनवमी होती. देवळात कीर्तन रंगलं होतं, पाळण्याची दोरी ओढायची वेळ झाली आणि काका बाहेर चपलांपाशी उभे राहून फोन बघत होते. अमेरिकेने २ एप्रिलला जगभरच्या मालावर आयातशुल्क जाहीर केलं होतं. शुक्रवारी तिथला बाजार कोसळला होता आणि सोमवारी आपल्याकडे काय होणार याची धडकी काकांना रविवारपासूनच भरली होती. झालंही तसंच. ७ एप्रिलला सेन्सेक्स दिवसभरात ३,९०० अंकांच्या आसपास खाली जाऊन शेवटी २,२२७ अंकांच्या घसरणीवर बंद झाला. "हे त्या दिवशी जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, ट्रम्पने शुल्क लावलंय. अहो ताई, त्याने शुल्क लावलं म्हणून यांनी ताटावरून का उठावं?"

काकूंचा हा प्रश्न मी वहीत जसाच्या तसा लिहून घेतला. माझं पुढचं सगळं काम त्या प्रश्नाभोवतीच होतं.

काका शुक्रवारी संध्याकाळी आले. खत कारखान्यातून जून २०२४मध्ये निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला अजून पेन लावणारे गृहस्थ. त्या दिवशी सेन्सेक्स १,३१० अंकांनी वर गेला होता. मी म्हटलं, "आज जरा बरं वाटत असेल?" त्यांनी मान हलवली. "आज वर गेला. पुढच्या आठवड्याचं काय?" म्हणजे त्यांना खात होतं ते नुसतं नुकसान नव्हतं. उद्याचं माहीत नसणं त्यांना सोसवत नव्हतं.

रात्री दीडला अमेरिकेचा बाजार बंद होईपर्यंत ते जागायचे. सकाळी साडेसहाला गिफ्ट निफ्टी, म्हणजे आपला बाजार उघडण्याआधी त्याचा कल दाखवणारा आकडा, बघायचे आणि सव्वानऊपासून फोन हातातच. वजन चार किलो उतरलं होतं. अशा वेळी मी आधी झोप, जेवण आणि जिवाबद्दलचे विचार यांची सरळ चौकशी करते, आडवळणाने नाही. "हे सगळं संपवून टाकावंसं वाटतं का?" असं मी त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले आणि माझा विश्वास बसला. हे वाचणाऱ्या कुणाचं उत्तर हो असेल, तर बाजाराचा विचार बाजूला ठेवा आणि आजच घरातल्या माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

काकांनी पिशवीतून एक चोपडी काढली. लाल कापडी बांधणीची, मांडवीतले व्यापारी दिवाळीला पूजतात तशी. आत तीन रकाने आखलेले: तारीख, सेन्सेक्स, कारण. ऑक्टोबर २०२४पासून एकही दिवस चुकला नव्हता. अक्षर सुरेख. कारखान्यात पाळीची नोंद ठेवावी तशी त्यांनी बाजाराची नोंद ठेवली होती, कारण नोंद ठेवली की बिघाड कुठे आहे ते सापडतं, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

पुढच्या भेटीत मी एक गंमत वाटेल असं काम केलं. माझं कार्ड सेन्सेक्सच्या रकान्यावर आडवं धरलं आणि म्हटलं, "काका, फक्त कारण वाचा आणि सांगा, बाजार त्या दिवशी वर गेला की खाली?"

१ फेब्रुवारी, अर्थसंकल्प. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. "वर," काका म्हणाले, "चांगलाच." कार्ड सरकवलं. ५ अंकांनी वर. ७ फेब्रुवारी, रिझर्व्ह बँकेने जवळजवळ पाच वर्षांनी पहिल्यांदा रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, कमी केला, साडेसहावरून सव्वासहा टक्के. "वर." १९७ अंकांनी खाली. ९ एप्रिल, दर पुन्हा कमी, सहा टक्के. काका आता सावध झाले होते. "वर जायला हवा…" ३७९ अंकांनी खाली. मग एका पानावर "क्रूड उतरलं" असं होतं आणि बाजार वर होता, कारण आपण तेल बाहेरून आणतो, ते स्वस्त झालेलं बरं. एप्रिलच्या पानावर पुन्हा "क्रूड उतरलं", पण बाजार खाली, कारण तेल उतरलं म्हणजे जगात मंदी येतेय.

वीस नोंदी झाल्या. अकरा बरोबर आल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसती पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, "ही कारणं खोटी आहेत का मग?"

खोटी नव्हती, आणि हे मला त्यांना नीट सांगायचं होतं. दर कमी झाला होता, तेलही उतरलं होतं. पण त्याच दिवशी अशा पन्नास गोष्टी घडतात आणि लाखो लोक आपापल्या गरजेपोटी घेतात-विकतात. साडेतीनला बाजार बंद झाला की बातमी देणाऱ्याला एक ओळ लिहावीच लागते. तो दिवसाचा निकाल बघतो आणि त्याला शोभेल ते कारण पुढे ओढतो. कारण मिळालं की आपल्याला घटकाभर हायसं वाटतं, समजलं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तेच कारण उलटं चालतं, मग आपण नवं शोधतो. काका सहा महिने दर संध्याकाळी ते हायसं वाटणं विकत घेत होते आणि किंमत झोपेने चुकवत होते.

त्यात रोज बघण्याचा एक वेगळा त्रास असतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलं की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख मोठं असतं. पुढच्या अभ्यासांत ते साधारण दुप्पट भरलं. बाजाराचे रोजचे आकडे पाहिले तर जवळपास निम्मे दिवस उतरतीचे असतात. निम्मे दिवस दुप्पट दुःख आणि उरलेले निम्मे एकपट आनंद, असा हिशेब मांडला तेव्हा काकू पटकन म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर सुतकच की!"

पण काका बाजारात शिरले कसे, हे अजून बाकी होतं. जून २०२४मध्ये हातात ५० लाख आले. १८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि ५ लाख मुदत ठेवीत ठेवले. उरलेले २७ लाख कुठे ठेवावे म्हणून त्यांनी एका ओळखीच्या एजंटला विचारलं. त्याने त्या वर्षीच्या लोकसभा निकालाच्या आठवड्याचा आलेख दाखवला. ४ जूनला सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडला होता आणि ७ जूनला नव्या उच्चांकावर होता. "बघा, तीन दिवसांत भरून आलं." काकांना ते पटलं. सप्टेंबरअखेर, सेन्सेक्स ८५ हजारांवर असताना, सगळे २७ लाख शेअर बाजाराच्या फंडांत गेले, त्यातले बरेच लहान कंपन्यांच्या. त्यानंतर निफ्टी सलग पाच महिने उतरला. असं १९९६नंतर प्रथमच होत होतं. ७ एप्रिलला काकांच्या २७ लाखांचे साडेएकवीस झाले होते.

मला त्या एजंटचा राग आला, अजूनही येतो. एका आठवड्याचा आलेख दाखवून माणसाची ग्रॅच्युइटी घ्यायची नसते.

तिसऱ्या भेटीत काका २००८वर आले. सयाजीगंजात वडोदरा स्टॉक एक्सचेंज असल्याच्या दिवसांपासून ते थोडे थोडे शेअर घेत होते. २४ ऑक्टोबर २००८ला सेन्सेक्स हजाराहून जास्त अंकांनी पडून ८,७०१वर आला आणि त्यांनी सगळं विकलं. पुढच्या मे महिन्यात निवडणुकीच्या निकालानंतर एकाच दिवसात बाजार २,११० अंकांनी वर गेला. "मी घाबरट आहे ताई. तेव्हाही पळालो. म्हणून या वेळी ठरवलं, नीट समजून घ्यायचं आणि पळायचं नाही."

"ते पैसे कशासाठी होते?"

"मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी."

"फी कधी भरायची होती?"

"जून २००९."

"दुसरीकडून येणार होती?"

"नाही."

ते थांबले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना हे सगळं तेव्हा माहीतच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "काका, आठ महिन्यांनी लागणारी फी बाजारात होती. कुठलाही बाप घाबरला असता. चूक असेल तर ते पैसे तिथे असण्याची होती, तुमच्या घाबरण्याची नाही." काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. सोळा वर्षं त्यांनी स्वतःवर घाबरट अशी चिठ्ठी लावून ठेवली होती आणि ती पुसायला ते बाजाराचा अभ्यास करत होते.

मग मी चोपडी मिटली आणि एक कोरा कागद पुढे ठेवला. बाजार काय करेल याचं उत्तर या खोलीत कुणाकडेच नव्हतं. कोणता पैसा कधी लागणार, याचं उत्तर मात्र काकूंकडे तोंडपाठ होतं. घरखर्च ३८ हजार. बचत योजनेचं ८.२ टक्के व्याज तिमाहीला येतं, ते महिन्याला १२,३०० पडतं. कारखान्याची पेन्शन साडेतीन हजार. म्हणजे दरमहा सुमारे २२ हजार कमी पडणार, तीन वर्षांचे आठ लाख. ठेवीतले ५ लाख धरले तरी ३ हवेतच. शिवाय मुलाचं लग्न २०२६च्या डिसेंबरात, ६ लाख. हे ९ लाख बाजारात असायला नको होते, मग उद्या बाजार वर जावो की खाली. उरलेल्या साडेबाराला सात-आठ वर्षं हात लागणार नव्हता.

"सगळे काढू का" याचं उत्तर असं घरातूनच निघालं: सगळे नाही, पण ९ लाख नक्की. कुठून, कसे, कराचं काय, यासाठी मी त्यांना फी घेणाऱ्या नोंदणीकृत सल्लागाराकडे पाठवलं. त्यांनी मे महिन्यात दोन टप्प्यांत पैसे काढले. तोटा झाला, तो काकांनी पानावर लिहिला आणि मुलाला फोनवर सांगितला.

मध्ये एक अडथळा आला. कमाटी बागेत सकाळी भेटणाऱ्या एका मित्राने ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव पुढे वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत, तोटा भरून निघतो म्हणून सांगितलं. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेला आकडा मी काकांना दाखवला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या शंभरातल्या ९३ सामान्य लोकांचा तोटा झाला. विषय तिथेच संपला.

दीड वाजेपर्यंत जागणं मात्र लगेच सुटलं नाही. त्याला जुलै उजाडला. आधी फोन स्वयंपाकघरात, मग काकूंच्या उशाखाली, मग महिन्याच्या पहिल्या रविवारी एकदाच बघणं. दोनदा करार मोडला, दोनदा पुन्हा केला.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि त्याच दिवसापासून भारतीय मालावर अमेरिकेचं ५० टक्के शुल्क लागू झालं. २८ तारखेला दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन आटोपून दोघं प्रसाद घेऊन आले. मोदकांचा डबा अजून कोमट होता.

"आज सातशे अंकांनी पडला," काका म्हणाले, "टीव्हीवर चालू होतं, कानावर आलं." मग पाकिटातून तो कागद काढला, घड्यांवर विरलेला. "पण ताई, कामाचं विचारायचंय. हॉलवाला एक लाख आगाऊ मागतोय आणि केटररने भाव वाढवलाय. सहाचे साडेसहा करावे लागतील. ते अर्धे कुठून घेऊ?"

काकू म्हणाल्या, "माझ्या पोस्टातल्या ठेवीतून." काकांनी खिशातलं पेन काढलं, सहा खोडले आणि शेजारी नवा आकडा लिहिला.