चाळीस वर्षं घरचा स्वयंपाक केलेल्या बाईने जहाजावरचा कुकिंग क्लास घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ६१, घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक तुमच्याच हातचा, मुलगा भूमध्य समुद्रातल्या क्रूझला घेऊन चाललाय आणि जहाजावर कुकिंग क्लास असतो तो बुक करू का म्हणून मागे लागलाय. सुट्टीतसुद्धा ओट्यापाशीच उभं राहायचं का, असं तुम्हाला वाटतंय. शिवाय तुम्ही शाकाहारी, आणि इंग्रजी बेताचं.

ताई, घ्या. आणि तुम्ही इतकी वर्षं स्वयंपाक करताय म्हणूनच घ्या. मी आणि माझ्या जाऊबाई अशाच एका सफरीला गेलो होतो, रोमजवळच्या चिवितावेक्यिया बंदरातून निघून इटलीला खालून वळसा घालत एड्रियाटिक समुद्रात. दोन क्लास केले. आमच्याबरोबर काही तरुण मंडळी होती, त्यांना सगळंच नवीन होतं, त्यामुळे त्यांनी कृती लिहून घेतली आणि खुशीत गेली. आम्हाला मात्र दर दोन मिनिटांनी काहीतरी अडत होतं, कारण आमच्या हाताला एक सवय होती आणि समोरची बाई नेमकं त्याच्या उलट सांगत होती. शिकायला मिळालं ते त्या अडण्यातूनच.

एकच उदाहरण देते. लसूण. आपण फोडणी कशी करतो? तेल चांगलं तापू द्यायचं, मोहरी तडतडली की लसूण. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पॅनमध्ये थंड तेल घाला, त्यात लसूण घाला, आणि मग शेगडी चालू करा. मला हे पटेना. मी सवयीने आधी तेल तापवलं. इंडक्शनवर ते इतक्या झटक्यात तापलं की लसूण टाकल्या टाकल्या लाल झाला आणि कडवट वास सुटला. बाईंनी ते तेल बाजूला ठेवायला लावलं आणि नव्याने करायला सांगितलं. थंड तेलात लसूण हळूहळू गरम होतो, त्याचा वास तेलात उतरतो, कडेला जेमतेम सोनेरी रंग आला की थांबायचं. दोन्ही पॅन शेजारी ठेवून त्यांनी मला पाव बुडवून चव घ्यायला लावली. आपल्या आमटीला तापल्या तेलातला खमंग लसूणच हवा, यात शंका नाही. पण नुसत्या तेलात कालवलेल्या पास्त्याला तो हळू उतरलेला लसूणच शोभतो. इतकी वर्षं फोडणी देऊनही तेलाचं तापमान हा वेगळा विचार करायची गोष्ट आहे, हे मला तिथे कळलं.

आता क्लास असतो कसा, ते सांगते. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी, त्यामुळे गॅसची ज्योत नाही, प्रत्येक ओट्यावर इंडक्शन. आमच्याकडे दोघींत एक ओटा होता. भाजी धुतलेली, पीठ मोजलेलं, मीठसुद्धा वाटीत काढून ठेवलेलं. शिकवणाऱ्या बाई पुढे करून दाखवत होत्या आणि त्यांचे हात वरच्या पडद्यावर मोठे दिसत होते, म्हणून मागच्या रांगेतूनही नीट बघता येत होतं. मग आपण आपल्या ओट्याशी तेच करायचं. मदतनीस फिरत राहतात, खरकटी भांडी तेच उचलतात. तुमचा ओट्यापाशी उभं राहण्याचा जो कंटाळा आहे ना, तो मला वाटतं निम्मा भांड्यांचा, ओटा पुसण्याचा आणि ‘आज काय करू’ या विचाराचा असतो. त्यातलं इथे काहीच नाही. दोन तास फक्त हात चालवायचे आणि शेवटी केलेलं बसून खायचं.

इंग्रजीची काळजी अजिबात करू नका. माझ्या जाऊबाईंना इंग्रजी समजतं, बोलता येत नाही. आमच्या पहिल्या क्लासात ओरेक्येत्ते केले. दक्षिण इटलीतल्या पुलिया भागाचा हा पास्ता, नावाचा अर्थ छोटे कान. यात अंडं नसतं. ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला बन्सी म्हणतात त्या जातीच्या गव्हाचा, दोनदा दळलेला बारीक रवा आणि कोमट पाणी, बस. १०० ग्रॅम रव्याला साधारण ५० मिलिलिटर पाणी. दहा मिनिटं मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. मग बोटाएवढी जाड, लांब वळी करायची, एकेक सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे, बोथट सुरीने तुकडा दाबत आपल्याकडे ओढायचा की तो गुंडाळला जातो, आणि मग अंगठ्यावर उलटा करायचा की त्याची टोपी होते.

जाऊबाईंनी ते बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, “अगं, या तर नखुल्या!”

खरंच होतं ते. आमच्याकडे लग्न ठरलं की खिरीसाठी हाताने वळायचे गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या करायला बायका दुपारच्या जमायच्या. आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघींना शेजारी बसवून शिकवलेलं. जाऊबाईंचा हात त्यात फार सुरेख. तेव्हा त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि नखुलीसारखं नखाने दाबून भराभर वीस-पंचवीस करून टाकले. दिसायला देखणे होते. पण शिकवणाऱ्या बाईंनी एक उचलून उजेडात धरला आणि मधोमध बोट ठेवून दाखवलं, की इथे जाड आहे. मग सुरीने केलेला धरला, तो मधे पातळ, कडेला जाडसर आणि पाठीवर खरखरीत. शब्द जवळजवळ बोलल्याच नाहीत. जाऊबाईंचा हात हातात घेतला, सुरीच्या पात्यावर त्यांच्या तर्जनीवर आपली तर्जनी ठेवली आणि दाब देत ओढलं. दोनदा, तीनदा. चौथा जाऊबाईंनी एकटीने केला आणि तो बरोबर आला.

नखुली खिरीत जाते, दुधात मुरते, तिला खरखरीत पाठ नको असते. याला तेल आणि भाजी धरून ठेवायची असते, म्हणून ती पाठ सुरीने मुद्दाम खरबरीत करायची आणि पोटात खळगा ठेवायचा. पिठाचा गोळा तोच, अंगठा तोच, पण काम वेगळं म्हणून दाब वेगळा. हे मी कितीही व्हिडिओ बघून शिकले नसते, कारण दाब दिसत नाही. तो बोटावर बोट ठेवूनच द्यावा लागतो. म्हणून क्लास निवडताना माझं एकच सांगणं, ज्यात हाताचं काम आहे तो घ्या: पास्ता, ब्रेड, पेस्ट्री, सुरी धरायचं तंत्र. नुसत्या सॉसचे आणि सजावटीचे क्लास तुमच्यासारखीला फारसं काही देणार नाहीत.

सुरीचं सांगायचं राहिलं. विळीवर वाढलेल्या बाईला सुरीचा क्लास जरूर घ्यावासा वाटेल. विळीचं पातं स्थिर, भाजी फिरते. सुरीचं उलटं, भाजी स्थिर, पातं फिरतं, आणि भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवून पेरांच्या आधाराने सुरी चालवायची. पहिल्यांदा अवघडतं, पण बोटं सुरक्षित राहतात. मी आता घरीही तसंच चिरते.

आता शाकाहाराचं, कारण इथे खरी सावधगिरी लागते. ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही. बुकिंग करतानाच मुलाला लेखी कळवायला सांगा आणि क्लासच्या सुरुवातीला स्वतः तोंडाने विचारा. ओरेक्येत्तेबरोबर जी पारंपरिक कडसर पालेभाजी करतात, तिच्यात अँकोव्ही नावाचे खारवलेले मासे लसणाबरोबर तेलात घालतात. ते पार विरघळतात, डोळ्यांना काही दिसत नाही. आमच्या ओट्यावरही ती वाटी ठेवलेली होती. आम्ही विचारलं म्हणून उचलली गेली. दुसऱ्या क्लासात भाज्यांचं सूप होतं, नावात फक्त भाज्या, पण पाणी म्हणून वापरलेलं होतं कोंबडीचं स्टॉक. आम्ही आधी कळवलेलं असूनही ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं नव्हतं. नशीब, घालायच्या आधी विचारलं. त्यांनी साधं गरम पाणी दिलं आणि आम्ही कांदा, गाजर, सेलरी जास्त वेळ परतून चव आणली. पण त्या दिवशी जाऊबाईंचं जेवणात मन लागलं नाही, आणि ते टाळता आलं असतं याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक म्हणजे चीज. पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो, ही दोन्ही चीज करताना दूध फाडायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. तुम्ही कडक शाकाहारी असाल तर ती चालणार नाहीत. पण यावर दक्षिण इटलीकडे स्वतःचाच फार छान उपाय आहे. तिकडे पूर्वी गरिबाघरी चीज परवडत नसे, म्हणून शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात खमंग परतून वरून भुरभुरवायचे. आजही घालतात. आपल्याला फोडणीच्या पोळीची सवय आहे, तेव्हा शिळ्या पावाची ती चव परकी वाटत नाही. मी तर मागून दुसऱ्यांदा घेतला.

मुलाने बुकिंग करण्याआधी जहाज नीट बघावं. बऱ्याच मोठ्या जहाजांवर क्लास म्हणजे शेफ करून दाखवतो आणि आपण खुर्चीत बसून बघतो. तो प्रकार तुमच्यासाठी नाही. स्वतः करायला मिळणारी स्वयंपाकशाळा ओशनिया या क्रूझ कंपनीने २०११ साली ‘मरीना’ या जहाजावर सुरू केली, २४ ओट्यांची, आणि पुढे ‘रिव्हिएरा’वरही केली. रीजंट कंपनीच्या २०१६ च्या ‘एक्सप्लोरर’ जहाजावर १८ ओट्यांची आहे. सिल्व्हरसीच्या ‘सिल्व्हर मून’वर सॉल्ट लॅब नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे ज्या बंदराला जहाज जाणार तिथल्या पदार्थांवर भर असतो. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर ‘किचन टेबल’ म्हणून एक प्रकार आहे, शेफबरोबर बंदरातल्या बाजारात जायचं, खरेदी करायची आणि जहाजावर येऊन रांधायचं.

आकडे मुद्दाम दिले. मरीनावर साडेबाराशेच्या आसपास प्रवासी असतात आणि ओटे २४. ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही, दिवसभर समुद्रातच असतं, त्या दिवशीचे क्लास सगळ्यात आधी भरतात. तेव्हा बुकिंग उघडल्या दिवशीच करायचं. क्लासला वेगळी फी असते की ती तिकिटातच धरलेली असते, हे कंपनीगणिक बदलतं, तेही तेव्हाच विचारून घ्यायचं. बंदराच्या दिवशी क्लास घेऊ नका. एवढं लांब जाऊन गाव बघायचं सोडून आत बसाल, आणि तुमची भीती मग खरी ठरेल.

आमचा ओरेक्येत्तेचा क्लास असाच समुद्रातल्या दिवशी होता. सकाळी जहाज मेसिनाच्या सामुद्रधुनीतून गेलं, एका बाजूला सिसिली, दुसऱ्या बाजूला इटलीचं दक्षिण टोक. पुढे मोकळ्या समुद्रात थोडं डोलायला लागलं, पॅनमधलं तेल हळूच एका कडेला जाऊन परत यायचं. मळमळ वगैरे झाली नाही, पण तुम्हाला गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा, आणि रिकाम्या पोटी क्लासला जाऊ नका. पायांत बंद, न घसरणारे बूट हवेत, चपला नकोत. बांगड्या, अंगठ्या केबिनमधल्या तिजोरीत. साडी नेसायची असेल तर पदर खोचून वर एप्रन बांधता येतो, जाऊबाईंनी तसंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलियातलं बारी बंदर. तिथे जुन्या गावात एक गल्लीच आहे, जिथे बायका दारात लाकडी पाट मांडून ओरेक्येत्ते करत बसतात आणि जाळीच्या ट्रेमध्ये वाळत घालतात. अगदी आपल्याकडे गच्चीवर शेवया वाळत घालतात तशा. आदल्या दिवशी क्लास केला नसता तर आम्ही फोटो काढून पुढे गेलो असतो. आता मात्र आम्ही अर्धा तास एका आजींच्या दारात उभ्या होतो. त्यांचं तुकडा कापणं, ओढणं आणि उलटवणं मिळून एकच हालचाल होती, वेगळे तीन भाग दिसतच नव्हते. जाऊबाई त्यांच्या हाताकडे बघत स्वतःची तर्जनी कमरेशी नकळत हलवत होत्या. आजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी पाटावरचा एक तुकडा पुढे सरकवला आणि सुरी दिली. जाऊबाईंनी केला. आजींनी तो बघितला आणि काही न बोलता ट्रेमध्ये बाकीच्यांत टाकून दिला.

घरी आल्यावर आम्ही बन्सी रवा मिक्सरमधून बारीक फिरवून, चाळून करून बघितला. पाणी थोडं जास्त लागतं आणि अर्ध्याऐवजी तासभर मुरवावा लागतो, नाहीतर ओढताना कडा फाटतात. ती कडसर भाजी इथे मिळत नाही, तिच्याऐवजी मेथी घेतली: थंड तेलात लसूण आणि सुकी मिरची, मग मेथी, मग पास्ता उकळलेल्या पाण्याचा एक डाव. ते पाणी फेकायचं नाही, त्यातल्या पिठामुळे तेल आणि पाणी एकजीव होतं. पाण्यात मीठ लिटरला साधारण १० ग्रॅम. वरून पावाचा चुरा. आमच्या घरी आता दर हिवाळ्यात मेथी चांगली आली की होतो. तुम्ही निघायच्या आधी एकदा करून बघा, म्हणजे क्लासमध्ये काय विचारायचं ते तुमच्या हाताला आधीच माहीत असेल.