रोहिणी निघते तेव्हा रोहिणी दिसत नाही

प्रश्न : २५ मे उजाडला की वडील म्हणतात, ‘रोहिणी निघाली’. यंदा त्या रात्री मी अंगणात खाट टाकून आकाश बघत बसलो. साडेदहाच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर एक ठळक तांबूस चांदणी होती. तीच रोहिणी का? आणि ती लालसर का दिसते?
– एक शेतकरी वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : तुम्ही बघितलीत ती स्वाती. चूक मोठी नाही, कारण दोघी एकाच जातीच्या, म्हणजे तांबड्या पडलेल्या राक्षसी तारका. पण त्या रात्री रोहिणी तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं.

‘रोहिणी निघाली’ याचा अर्थ सूर्य रोहिणी नक्षत्रात आला. ज्या नक्षत्रात सूर्य असतो त्याच्या चांदण्या त्याच्याबरोबरच उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. मेअखेरीला तुम्ही शेतात उन्हाकडे बघून कपाळावर हात धरता, तेव्हा रोहिणी त्याच उन्हात, सूर्याच्या शेजारी असते. वर्षानुवर्षं आपण पेरणीच्या तोंडावर जिचं नाव घेतो, तिला बघायला मात्र थंडीत जावं लागतं. मी शाळेत भूगोल शिकवायचे, पण हे माझ्या स्वतःच्या लक्षात यायलाही बरीच वर्षं गेली. पंचांगातलं नक्षत्र आणि आकाशातली चांदणी यांची गाठ कुणी घालूनच दिली नव्हती.

आता कुठे बघायचं ते सांगते. डिसेंबरात अंधार पडला की मृग पूर्वेला वर येतो. त्याच्या पोटातला तीन चांदण्यांचा बाण सगळ्यांना ओळखता येतो. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध लागतो. उलट बाजूला, वरच्या अंगाला वाढवली की पहिली ठळक तांबूस चांदणी येते, ती रोहिणी. तशीच पुढे गेलात तर कृत्तिकांचा पुंजका. मंगळही लालसर दिसतो आणि कधीकधी याच भागात येतो, पण तो काही आठवड्यांत जागा सोडतो. रोहिणी कृत्तिका आणि मृग यांच्यामधली आपली जागा सोडत नाही.

तुमच्या तालुक्याचं एक भाग्य आहे. रोहिणी खगोलीय विषुववृत्ताच्या (म्हणजे पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलं तर पडेल त्या रेघेच्या) साधारण साडेसोळा अंश उत्तरेला आहे आणि तुमचं गाव पृथ्वीवर जवळपास तितक्याच अक्षांशावर. म्हणून ती तुमच्या बरोबर माथ्यावरून जाते. आमच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा गवंड्याचा ओळंबा मी एका रात्रीसाठी मागून घेतला, सज्जाच्या लोखंडी सळईला बांधला आणि खाली चटईवर उताणी पडले. जानेवारीचा मध्य होता. वारा पडला, ओळंबा स्थिर झाला आणि साडेनऊनंतर थोड्या वेळाने रोहिणी सरकत सरकत त्या पितळी लोळ्याच्या मागे गेली. थोड्या वेळाने पलीकडून निघाली. पृथ्वी फिरते हे मी मुलांना कितीदा सांगितलं असेल, पण मला ते त्या रात्री दिसलं.

लाल का? सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होत असतं. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जळू लागतो आणि बाहेरचे थर फुगत जातात. फुगले की थंडावतात. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५५०० अंश सेल्सिअस, तर रोहिणीचा ३६०० च्या आसपास. चुलीतला निखारा पिवळ्यावरून तांबडा होतो, तसाच हा फरक. रोहिणीचं वस्तुमान सूर्याहून थोडंसंच जास्त, पण व्यास जवळपास ४४ पट. आपला सूर्यही काही अब्ज वर्षांनी याच वाटेने जाणार आहे. ती साधारण ६५ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे आज डोळ्यांत येणारा तिचा उजेड महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला निघालेला.

दुर्बीण असेल तर साधी १० × ५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) पुरे. मोठ्या दुर्बिणीतूनही रोहिणी ठिपकाच दिसते, तबकडी दिसत नाही. रंग नीट बघायचा असेल तर फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ठिपका पसरून छोटी केशरी टिकली होते. मग तसाच मृगातल्या राजन्य या ठळक ताऱ्याकडे वळा, तो निळसर पांढरा. शेजारी शेजारी बघितल्याशिवाय रंग कळत नाही, हा माझा अनुभव. रोहिणीभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चांदण्या दिसतील, जुने ज्योतिषी त्यालाच रोहिणी शकट, म्हणजे रोहिणीची गाडी, म्हणत. ती गाडी मात्र रोहिणीच्या दुपटीहून लांब, सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे. रोहिणी मधल्या वाटेवर उभी असल्याने आपल्याला त्यात बसलेली वाटते.

दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला गेलात तर वर बघा. चंद्र त्या दिवशी किंवा एक-दोन दिवस मागेपुढे रोहिणीजवळून जातो. २७ बायकांमधली त्याची आवडती ती हीच. पण चांदण्यात शकट हरवतो. त्यासाठी पुढे अमावास्येच्या आसपास, रात्रीच्या लाईटीवर उसाला दारं धरायला जाल तेव्हा बॅटरी आणि मोबाईल बंद करून दहा-पंधरा मिनिटं बांधावर बसा. शकटाच्या किती चांदण्या नुसत्या डोळ्यांनी मोजता आल्या आणि किती दुर्बिणीतून, ते जरूर कळवा.