आगीमुळेच कापूस जळतो, हे स्वयंसिद्ध आहे का?

प्रश्न : प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे इतकं उघड आहे, त्याला पुरावा कशाला हवा? आणि गझालीने म्हणे आगीने कापूस जळतो हेच नाकारलं, म्हणजे त्याने कार्यकारणभावच मोडीत काढला ना?

उत्तर : नाही हो, आणि ही समजूत इतकी पसरलीय की मला मनापासून वाईट वाटतं. मुळात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जगात जे काही नव्याने घडतं त्याला काहीतरी कारण असतंच का, हा एक, आणि समोरच्या कापसाला ही समोरची आगच जाळतेय का, हा दुसरा.

मुस्लिम धर्मपंडित गझालीने (१०५८–११११) १०९५च्या सुमारास 'तहाफुत अल-फलासिफा' (तत्त्वज्ञांची विसंगती) हे पुस्तक लिहिलं, त्यातल्या सतराव्या चर्चेत तो कापसाचा दाखला येतो. त्याचं म्हणणं, डोळ्यांना एवढंच दिसतं की आग टेकली *तेव्हा* कापूस जळला, आगी*मुळे* जळला हे दिसत नाही, जाळणारा देव आहे. पण हाच गझाली दुसरीकडे म्हणतो की नव्याने घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे बुद्धीला आपोआप पटणारं तत्त्व आहे! म्हणजे तुमचा पहिला मुद्दा त्याला मान्यच होता.

खरी गंमत तत्त्वज्ञ इब्न सीनाची (९८०–१०३७), ज्याच्यावर गझाली तुटून पडला. आपल्या 'शिफा' या ग्रंथाच्या तत्त्वमीमांसेच्या (अस्तित्वाचा मुळातून विचार करणाऱ्या) भागात, अगदी सुरुवातीलाच, तो सांगतो की इंद्रियांना फक्त दोन गोष्टी सोबत घडणं कळतं, त्यावरून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात ना, अगदी तेच, आणि शंभरदा बसला नि शंभरदा मोडली तरी नुसत्या मोजणीने कारण सिद्ध होत नाही. मग तो युक्लिडची आठवण काढतो, भूमितीतल्या कितीतरी गोष्टी उघड वाटतात, तरी त्या सिद्ध कराव्या लागतातच की. मला हे वाक्य फार आवडतं. कारण असतंच, याची त्याची सिद्धता अशी की जी गोष्ट असूही शकते आणि नसूही शकते तिची दोन्ही पारडी सारखी, मग ती आहे म्हणजे 'असण्या'चं पारडं कोणीतरी खाली ओढलंय, ते कारण.

नंतरचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) याने मात्र गझालीला ठणकावलं, कारणं नाकारलीत तर ज्ञानच नाकारलंत, कारण एखादी गोष्ट कळणं म्हणजे तिची कारणं कळणं.