आजेसासूंची हकिगत लेकीला सांगताना

प्रिय पोरी,

तू ठाण्याची, सासर इस्राएलमधल्या अश्दोदचं आणि आजेसासू हंगेरियन, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या. लेकीला त्यांची हकिगत कधी आणि किती सांगायची, असं विचारलंस. ‘मी कोकणातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, मला काय अधिकार?’ हे आधी डोक्यातून काढ. आपल्याला कोकणात ज्यू म्हणून कुणी छळलं नाही. म्हणूनच कदाचित त्या तुझ्याजवळ मोकळ्या होतात. पोटच्या मुलाला जे सांगवलं नाही, ते नातसुनेला सांगितलेलं मी पाहिलंय.

त्यांना बोलतं करताना छळछावणीपासून सुरुवात करू नकोस. घर कितव्या मजल्यावर, शुक्रवारी पाव कोण भाजायचं, शेजारणीशी भांडण कशावरून, हे विचार. मे ते जुलै 1944मध्ये हंगेरीतून सुमारे 4,37,000 ज्यूंना गाड्यांत कोंबून नेलं, बहुतेकांना पोलंडमधल्या ऑशविट्झच्या छळछावणीत. हा आकडा मोठ्यांच्या डोक्यात मावत नाही, पाच वर्षांच्या पोरीच्या काय मावणार! शेजारणीचं भांडण मात्र तिला बरोबर कळतं.

फोनवर रेकॉर्ड कर, मधे दुरुस्त्या करू नकोस. मग कागद शोध. जर्मनीतल्या आरोल्सन अभिलेखागारात नाझींच्या बळींच्या नोंदी आहेत, त्यातली पुष्कळ कागदपत्रं आता घरबसल्या दिसतात. गाव दोन्ही नावांनी शोध: तेव्हा हंगेरीत असलेलं त्यांचं नॉज्वाराद आज रोमानियातलं ओरादिया आहे. कागदावर त्यांचं जन्मसाल दोन-तीन वर्षं आधीचं निघालं, तर दचकू नकोस. ऑशविट्झच्या फलाटावर निवड व्हायची, तेव्हा कित्येक लहान मुली वय वाढवून सांगायच्या. कामाची ठरली तर जगण्याची आशा. खोट्या सालापायीच त्या वाचल्या असतील. त्यांनाच विचार.

आणि त्यांना जे आठवत नाही ते तू भरू नकोस. हे मी फार कळकळीनं सांगतेय. बहिणीचं पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नसेल, तर लेकीलाही ‘ठाऊक नाही’ असंच सांग. सिनेमात पाहिलेलं नकळत घरच्या गोष्टीत शिरतं. हातावर गोंदलेला नंबरच घे: तो ऑशविट्झमध्येच गोंदत, आणि तिथेही सगळ्यांना नाही. ‘असं काही घडलंच नाही’ म्हणणारे अशाच एखाद्या चुकीवर टपून असतात.

लेक अजून बालवाडीत आहे, पण योम हाशोआला, म्हणजे नरसंहाराच्या स्मृतिदिनाला, सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजला की विचारणारच. तेव्हा पणजीचं घर, तिची बहीण, मग वाईट माणसं आली, घर सुटलं, पणजी वाचली आणि इथे आली, एवढं पुरे. विषारी गॅसनं मारलं, ते आत्ता नको. मुलांना अंधारात दाटीवाटीनं बसवून ‘आगगाडी’चा अनुभव देणारे महाभागही असतात, तिथे तिला पाठवू नकोस. पुढे शाळेची पोलंडची सहल येईलच. त्याआधी जमलं तर ओरादिया दाखव. नदीकाठचं 1878चं सिनेगॉग अजून उभं आहे. माणसं कुठे मेली याआधी ती कुठे राहिली, ते तिनं बघावं.

याद वाशेमचं, म्हणजे जेरुसलेमच्या नरसंहार-स्मारकाचं, साक्षीपत्र भरलंय का? नाव, आईवडील, गाव, व्यवसाय, गेलेल्या प्रत्येकासाठी एक. बात मित्झ्वाच्या, म्हणजे मुलगी धर्मानं जाणती होते त्या, वर्षी लेकीकडूनच भरून घेणार होतीस, कल्पना छान आहे. पण माहिती आत्ताच लिहून ठेव. बहिणीचं लाडाचं नाव आणि पाळण्यातलं नाव, दोन्ही विचार. हाकेच्या नावानं कागद सापडत नाहीत. त्यांच्याकडे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामाचा दिवस, सुटल्यावर जा. शनिवारी दिवसा त्या तुला फोनला हात लावू देणार नाहीत.

तुझी,
मावशी